पेन्सिलची खूण

मोरेश्वर खांबेट्यांनी अमेरिकेतल्या चव्वेचाळीस वर्षांत, एक पहिली चूक सोडली तर, कुणालाही खाजगी प्रश्न विचारला नव्हता आणि या गोष्टीचा त्यांना अतोनात अभिमान होता. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल, ते पुण्यात वाढलेल्यालाच कळेल. आल्या आल्या पहिल्याच हिवाळ्यात, डेट्रॉइटजवळच्या कारखान्यात, त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सहज म्हणून विचारलं होतं की पगार किती मिळतो आणि अजून लग्न का नाही केलं. त्या माणसाने हातातलं सँडविच खाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो खिडकीपाशी जेवायला बसू लागला. मोरेश्वरांनी त्या दिवशी कानाला खडा लावला. पुढे तोच माणूस तीस वर्षं त्यांचा मित्र होता, पण त्याला मुलं किती हे मोरेश्वरांना त्याच्या अंत्यविधीला गेल्यावर कळलं.

त्यांच्या बायकोने, सुहासिनीबाईंनी, असला काही खडा लावलेला नव्हता. दुकानात पैसे द्यायच्या रांगेत पुढच्या बाईची ट्रॉली रिकामी होईपर्यंत त्यांना तिचं माहेर, सासर, गुडघ्याचं ऑपरेशन आणि थोरल्या मुलाची मोडलेली सोयरीक, सगळं समजलेलं असे. अशा वेळी मोरेश्वर आपण यांच्याबरोबर नाहीच असा चेहरा करून बॅटऱ्यांच्या मांडणीपाशी उभे राहत. "कशाला विचारतेस लोकांना? इथे चालत नाही," असं ते गाडीत बसल्यावर म्हणत. "मग ती सांगत का होती?" असं सुहासिनीबाई म्हणत, आणि संवाद तिथे संपत असे.

तर अशा या चौऱ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त गृहस्थांना गेल्या डिसेंबरात नातीचा फोन आला. अनया वीस वर्षांची, ॲन आर्बरच्या विद्यापीठात अकाउंटिंग शिकणारी. ज्यांची कमाई बेताची आहे, ज्यांना टॅक्सचा कागद भरून घ्यायला दोनतीनशे डॉलर मोजणं परवडत नाही, अशांचे रिटर्न तिथले विद्यार्थी दर शनिवारी फुकट भरून देत. ग्रंथालयाच्या तळघरात एक खोली, बारा लॅपटॉप, एक प्रिंटर आणि गरम कॉफीचा एक पिंप. यंदा त्या सगळ्याची मुख्य अनया होती.

"आबा, व्हॉलंटिअर्स कमी पडतायत यार. येशील? पण एक्झाम द्यावी लागेल हं. सगळ्यांना द्यावी लागते."

आबांनी परीक्षा दिली. तीसपैकी एकोणतीस पडले. हा आकडा त्यांनी पुण्यातल्या धाकट्या भावाला, गिरीशला, फोन करून सांगितला, आणि गिरीश विसरला असेल म्हणून पुढच्या रविवारी परत सांगितला.

सगळे त्या खोलीला टॅक्स क्लिनिक म्हणत, आणि या क्लिनिकमध्ये दोन नियम फार कडक होते. पहिला असा, की एकाने भरलेला रिटर्न दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जायचा नाही, आणि तपासताना तो माणूस समोर बसलेला हवा, कारण महत्त्वाचे प्रश्न त्याला नव्याने विचारायचे. दुसरा नियम कुठल्या पुस्तकातला नव्हता. दिवस संपला की सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकाने आपली त्या दिवशीची एक चूक मोठ्याने सांगायची. कुणी हसायचं नाही, कुणी रागवायचं नाही.

हे दोन्ही नियम कुठून आले ते मोरेश्वरांना पक्कं ठाऊक होतं. एकतीस वर्षं ते गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होते. दुसऱ्या नजरेशिवाय माल गेटाबाहेर जात नाही, हे वाक्य त्यांनी अनयाला ती घास तोंडात धरून बसायची त्या वयापासून ऐकवलं होतं. पाळी संपताना चूक सांगायची पद्धतही त्यांच्याच विभागातली. पोरीने ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं आणि इतक्या वर्षांनी या तळघरात लावून दाखवलं होतं. पहिल्या शनिवारी त्या गोलात ते पाठ ताठ करून उभे राहिले होते. मात्र स्वतःची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "माझं काही नाही." दुसऱ्या शनिवारीही तेच. दहा शनिवार झाले, खांबेट्यांचं काही नव्हतं. विद्यार्थी टाळ्या वाजवत आणि मोरेश्वर, नको नको म्हणत, त्या घेत.

एप्रिलमधला तो शनिवार मुदतीआधीचा शेवटचा. त्यानंतर क्लिनिक पुढच्या वर्षापर्यंत बंद. बाहेर एप्रिलला न शोभणारा वारा होता आणि जिन्यापर्यंत रांग लागली होती. साडेतीनला त्यांच्यासमोर लोरेन वॉटकिन्स नावाची बाई येऊन बसली. चाळिशीची, शेजारच्या यप्सिलँटी गावात राहणारी, एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. तिची व्हॅन महिन्याभरापूर्वी बंद पडली होती. सकाळच्या पाळीला ती दोन बस बदलून जायची आणि त्यात दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर पाळी जाईल, असं तिला स्वच्छ सांगण्यात आलं होतं. रिफंड किती येईल, त्यातून व्हॅन दुरुस्त होईल का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. दुरुस्तीला दोन हजार सहाशे लागणार होते.

मोरेश्वरांनी तिने भरलेला फॉर्म पाहिला. विवाहित, अशी खूण. मुलगी एक, वय सात. त्याखाली एक प्रश्न होता: वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत तुमचा जोडीदार तुमच्याबरोबर राहत होता का? हो आणि नाही, दोन्ही चौकोन रिकामे.

त्यांनी त्या चौकोनांकडे पाहिलं, मग तिच्या बोटातल्या अंगठीकडे. बाईमाणसाला तोंडावर विचारायचं, की तुझा नवरा तुझ्याजवळ राहतो का? त्यांची कानशिलं तापली. तिने सोडलंय म्हणजे तिला सांगायचं नसेल. आणि अंगठी तर आहे. त्यांनी शर्टाच्या खिशातली, तपासणी विभागापासून जपलेली बारीक टोकाची पेन्सिल काढली आणि 'हो'च्या चौकोनात हलकीशी खूण केली. मग सगळं नीट, एकेक आकडा दोनदा बघून भरलं. नवरा सहीला आलेला नव्हता, तेव्हा नवरा-बायको एकत्र राहतात पण कागद वेगळे भरतात, असा हिशेब झाला. रिफंड आला अठराशे.

"अठराशे," लोरेन म्हणाली. तिने पर्सचा बंद एकदा ओढला, एकदा सोडला. "ठीक आहे. काही नसण्यापेक्षा बरं."

तिची बस चार दहाला होती, पुढची थेट पाचला. मुलगी शेजारणीकडे. तपासणीच्या रांगेत अजून पाच जण. तिची घालमेल पाहून मोरेश्वरांना कणव आली. त्यांनी तिची सही घेतली आणि म्हणाले, "तुम्ही जा. पुढचं मी बघतो." ती आभार मानून गेली आणि त्यांनी कागद ट्रेमध्ये ठेवले. आपण एका अडलेल्या बाईचा वेळ वाचवला, याचं त्यांना समाधान वाटत होतं.

पाच मिनिटांनी अनया ते कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली.

"क्लायंट कुठे आहेत?"

"गेल्या. बस होती."

"रिव्ह्यू कोणी केला?"

"मी बघितलंय सगळं. दोनदा."

"तुम्हीच भरलं आणि तुम्हीच तपासलं?"

घरी ती त्यांना 'तू' म्हणायची. इथे जानेवारीपासून 'तुम्ही'. त्यांना ते आवडायचं. आज टोचलं.

"अनया, मी एकतीस वर्षं तपासणी केली आहे. एक आकडा चुकलेला दाखव."

"आकडे बरोबर आहेत, आबा." तिने फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला आणि त्या चौकोनावर बोट ठेवलं. "पण बाकी सगळ्या फॉर्मवर निळं पेन आहे. ही खूण पेन्सिलची आहे. या रूममध्ये पेन्सिल फक्त तुमच्याकडे असते. त्या हो म्हणाल्या का?"

मोरेश्वरांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

"तुम्ही विचारलं का?"

"असं विचारतात का कुणाला?" त्यांचा आवाज चढला. आसपासच्या दोन लॅपटॉपवरची बोटं थांबली. "बाई लग्नाची आहे. अंगठी आहे हातात. तिने लिहिलं नाही म्हणजे तिला सांगायचं नाही. चारचौघांत तिला काय विचारू मी?"

"मग मी यावर साइन नाही करणार. हा रिटर्न जाणार नाही."

"आज शेवटचा दिवस आहे."

"म्हणूनच नाही जाणार."

त्यांना संताप आला. ज्या पोरीला त्यांनी पाढे शिकवले, ती बारा जणांसमोर त्यांचा कागद परत करत होती. ते तोंडाला येईल ते बोलणार, तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की आल्यापासून ती त्यांच्याशी मराठीत बोलतेय. इथे ती एरवी 'आबा, तुम्ही बसा' यापलीकडे मराठी बोलत नसे, कारण तिचं मराठी लंगडतं हे तिला माहीत होतं. खोलीत दुसऱ्या कुणाला मराठी येत नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजोबांची शोभा होऊ नये म्हणून ती शब्द शोधत, अडखळत मराठीत रागवत होती. मोरेश्वरांचा राग जागच्या जागी निवला.

अनयाने लोरेनला फोन लावला. बंद. परत लावला. बंदच.

"हजबंड सोबत राहत नसेल ना, तर सगळंच वेगळं होईल," ती हळू आवाजात म्हणाली. "मुलीला ती एकटी सांभाळते असा हिशेब होईल. खूप फरक पडतो. आणि चुकीचं गेलं तर ते नीट करायला मंथ्स लागतील. तोपर्यंत तिची व्हॅन..." ती थांबली. मग म्हणाली, "आबा, तू जा ना. बस यायला अजून आठ मिनिटं आहेत. मी हे उघडं ठेवते."

मोरेश्वर उठले. कोट घालायचं राहिलंच. जिना चढताना डावा गुडघा कुरकुरला, त्याला त्यांनी दाद दिली नाही. एकतीस वर्षांत तपासणी चुकवून आपल्या हातून एक भाग गेटाबाहेर गेला नव्हता, आणि आज एक बाई गेली होती. तीही आपण स्वतः दार उघडून दिलं म्हणून. वॉश्टेनॉ ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत ते जवळजवळ धावत गेले.

लोरेन तिथे उभी होती, गळ्याशी कोट घट्ट धरून. आणखी तीन माणसं होती. मोरेश्वरांनी तिला जरा बाजूला, वर्तमानपत्रांच्या रिकाम्या पेटीपाशी बोलावलं. दूरवर बसचा कपाळावरचा दिवा दिसू लागला होता.

"काही चुकलं का?" तिने विचारलं.

"माझं चुकलं. एक प्रश्न विचारायचा होता, तो मी विचारला नाही."

आणि एवढं बोलून ते अडले. चव्वेचाळीस वर्षांचा खडा कानाला तसाच होता. बस जवळ येत होती. इथे सुहासिनी असती तर, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि दुकानातल्या रांगेत उभी असलेली बायको त्यांच्या डोळ्यांसमोर आली. ती कसं विचारते? चोरटेपणाने नाही, घसा खाकरून नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघून, जणू उत्तर ऐकायला आपल्याकडे अख्खी दुपार आहे, असं विचारते. आणि मग खरंच ऐकते. बॅटऱ्यांच्या मांडणीपाशी उभं राहून ते इतकी वर्षं फक्त प्रश्न ऐकत आले होते. त्यानंतरचं तिचं ऐकणं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"तुमचे मिस्टर कुठे असतात?" त्यांनी विचारलं.

बस थांब्याला लागली. दार उघडलं. तिघं जण चढले. ड्रायव्हरने लोरेनकडे पाहिलं. लोरेन मोरेश्वरांकडे पाहत होती. मग तिने ड्रायव्हरला हाताने जा म्हणून सांगितलं आणि दार बंद झालं.

"मागच्या वर्षी फेब्रुवारीत गेला," ती म्हणाली. "ओहायोत आहे असं ऐकते. एक पैसा नाही पाठवत. मुलीच्या वाढदिवसालाही फोन नाही. अंगठी मीच काढत नाही, कामावर ते बरं पडतं." तिने नाक पुसलं. "चौदा महिने झाले. तुम्ही विचारणारे पहिले आहात. मला वाटायचं, सगळ्यांना दिसतंच आहे, म्हणून कुणी विचारत नाही."

मोरेश्वर ऐकत उभे राहिले. वारा शर्टातून आत जात होता. तिचं बोलून होईपर्यंत त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, "परत चला. पाचची बस मी चुकू देणार नाही."

तळघरात अनयाने खुर्ची ओढून ठेवली होती. लोरेनने आधी क्लिनिकच्या फोनवरून शेजारणीला कळवलं, तिच्या स्वतःच्या फोनची बॅटरी गेली होती. मग मोरेश्वरांनी त्या चौकोनातली पेन्सिलची खूण खोडरबराने पुसली आणि निळं पेन लोरेनच्या हातात दिलं. तिने 'नाही'वर खूण केली. त्यांनी सगळं नव्याने भरलं. घरभाडं कोण भरतं, मुलगी वर्षभर कुणाजवळ होती, किराणा कोण आणतं, सगळं विचारलं. जीभ आता अडत नव्हती. मग ते खुर्चीवरून उठले आणि तिथे अनया बसली, आणि तिने तेच प्रश्न पहिल्यापासून पुन्हा विचारले. मोरेश्वर मागे उभे राहून बघत होते. पोरगी लोरेनच्या डोळ्यांत बघून विचारत होती. उत्तर पुरं होईपर्यंत कीबोर्डला हात लावत नव्हती. हे काही तिने कारखान्यातून उचललेलं नव्हतं. हे सरळ तिच्या आजीचं होतं.

अनयाने स्क्रीन लोरेनकडे वळवला. सहा हजार तीनशे बारा.

लोरेनने आकडा वाचला. जरा वेळाने परत वाचला. "हे माझं आहे?"

"तुमचंच आहे," अनया म्हणाली. "आधीपासून तुमचंच होतं."

लोरेनने तोंडावर हात धरला आणि तशीच बसून राहिली. अनयाने तिला घाई केली नाही. पाचला दहा कमी असताना सही झाली, आणि मोरेश्वर तिला बसपर्यंत सोडून आले. या वेळी कोट घालून.

साडेपाचला सगळे गोल उभे राहिले. वर्षातला शेवटचा गोल. एकाने कुणाचा तरी पिन कोड चुकवला होता. एकीने प्रिंटरमध्ये उलटा कागद घातला होता. मोरेश्वरांची पाळी आली तेव्हा विद्यार्थ्यांचे हात सवयीने टाळीसाठी वर आले होते.

"माझं आहे," मोरेश्वर म्हणाले. हात तसेच राहिले. "आज मी एका बाईंना न विचारता त्यांचं उत्तर माझ्या मनाने लिहिलं. तपासणीआधी सही घेतली आणि त्यांना जाऊ दिलं. आमच्या कारखान्यात असं केलं असतं तर मीच मला घरी पाठवलं असतं. ही चूक अनया खांबेटेने पकडली. मी तिच्यावर आवाज चढवला, तरी तिने सही केली नाही." मग त्यांना राहवलं नाही. "ती माझी नात आहे," ते म्हणाले, जसं काही खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं.

मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या गेल्या दहा शनिवारांपेक्षा मोठ्या होत्या. या वेळी मोरेश्वर नको नको म्हणाले नाहीत. ते स्वतःच वाजवत होते, अनयाकडे बघून. अनया खाली मान घालून कॉफीच्या पिंपाचं झाकण लावत बसली होती. तिचे कान लाल झाले होते.

घरी आल्यावर सुहासिनीबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पानं घेता घेता विचारलं, "आज काय झालंय?"

"अनयाने माझा रिटर्न परत केला."

सुहासिनीबाईंनी भाजीचा डाव खाली ठेवला. आता आठवडाभर हा फुगून बसणार, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. पण मोरेश्वरांनी जेवायच्या आधीच फोन उचलला. पुण्यात पहाट होती, गिरीश झोपेतून उठला, तरी त्यांनी सांगितलं. "अरे, अनयाने माझा कागद परत पाठवला. माझा. सगळ्यांसमोर. ऐकेना म्हणजे ऐकेना." मग शिकागोला मुलाला, म्हणजे अनयाच्या बापाला, फोन झाला. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज असा लागला होता की वरच्या मजल्यावर ऐकू जावा. तीसपैकी एकोणतीस मार्कांचं सांगतानाही तो इतका लागला नव्हता.

"कोण होती ती बाई?" फोन ठेवल्यावर सुहासिनीबाईंनी विचारलं. "काय झालं होतं तिचं?"

"ते सांगता येत नाही. तिथलं तिथेच ठेवायचं असतं."

"बरं, नको सांगूस. तुझं काय चुकलं तेवढं तरी सांग."

मोरेश्वरांनी ताट पुढे ओढलं. मग मान वर करून बायकोकडे नीट, डोळ्यांत पाहिलं.

"विचारायचं राहिलं होतं," ते म्हणाले.